चौथा रकाना

चूक झाली. ती झाल्याचे पंचांनी स्वतः कबूल केले. निकाल मात्र तोच कायम राहिला! असा न्याय कुठे मिळतो, असे विचारले तर आपल्या वाचकांपैकी प्रत्येकजण आपापल्या तालुक्यातील एखाद्या पोलीस ठाण्याचे किंवा कचेरीचे नाव सांगेल. परंतु आज मी लिहितो आहे ते अमेरिकेतील बॉस्टन शहरात झालेल्या एका बास्केटबॉलच्या सामन्याविषयी. बास्केटबॉलचे या पानावर काय काम, असे कोणाला वाटले तर त्यांनी थोडा धीर धरावा. काम आहे.

तारीख २८ जानेवारी २०२३. एका बाजूला बॉस्टन सेल्टिक्स, दुसऱ्या बाजूला लॉस एंजेलिस लेकर्स. एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतील हे दोन सर्वांत गाजलेले वैरी. तिकडे शनिवारची रात्र होती, आपल्याकडे रविवारची सकाळ. आमच्या घरात पुतण्या लेकर्सचा भक्त (भक्त हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे), तर त्याचा कॉलेजातला मित्र सेल्टिक्सचा. चहाचा कप हातात घेऊन मी दोघांच्या मध्ये बसलो होतो, म्हणून हाणामारी टळली, एवढेच.

सामना संपायला चार सेकंद उरले तोवर लेकर्सकडे तीन गुणांची आघाडी होती. तेवढ्यात सेल्टिक्सच्या जेलन ब्राऊनने बास्केट केली, वर फाऊलही मिळवला आणि फ्री थ्रो टाकून १०५-१०५ अशी बरोबरी साधली. आता चेंडू लेब्रॉन जेम्सकडे आला. वय वर्षे ३८, त्या रात्री ४१ गुण करणारा माणूस. तो बचाव भेदून रिंगपर्यंत गेला, उंच उडाला, आणि चेंडू सुटतासुटता सेल्टिक्सच्या जेसन टेटमचा हात त्याच्या डाव्या हातावर बसला. हे घरात टीव्हीसमोर बसलेल्या पोरांना दिसले. मलाही दिसले, आणि मला या खेळातले फारसे कळत नाही. मैदानावरच्या तीन पंचांना मात्र दिसले नाही. शिट्टी वाजली नाही. बास्केट झाली नाही. जेम्स अविश्वासाने मैदानावर गुडघे टेकून बसला.

पुढचा प्रसंग तर आमच्या पथनाट्यात शोभावा असा! लेकर्सचा पॅट्रिक बेव्हर्ली याने मैदानाच्या कडेला बसलेल्या छायाचित्रकाराचा कॅमेरा घेतला आणि त्यातला फोटो दाखवायला तो थेट पंचाकडे गेला. पंचाने काय केले? बेव्हर्लीवर टेक्निकल फाऊल दिला. जो पुरावा घेऊन आला त्यालाच दंड! त्या दंडाचा फ्री थ्रो घेऊनच जादा वेळ सुरू झाला. जादा वेळेच्या पाच मिनिटांत सेल्टिक्सने २० गुण केले, लेकर्सने १६, आणि बॉस्टनने सामना १२५-१२१ असा जिंकला. पंचांच्या प्रमुखाने त्याच रात्री पत्रकारांना सांगितले की धक्का लागला होता, आम्हाला त्या क्षणी तो दिसला नाही. दुसऱ्या दिवशी पंचांच्या संघटनेने जाहीर केले की आमच्या हातून चूक झाली, ती आमच्या मनाला लागली आहे आणि आमची झोप उडवणारी आहे. एवढे सगळे झाले. धावफलक हलला नाही.

मग सुरू झाली चाहत्यांची जुंपाजुंपी. ती आमच्या बैठकीच्या खोलीतही झाली आणि जगभर झाली. लेकर्सचे लोक म्हणाले, दरोडा पडला. सेल्टिक्सचे लोक म्हणाले, रडायचे बंद करा. एका शिट्टीने कोणी हरत नाही. जादा वेळेची पाच मिनिटे तुमच्याही हातात होती, तेव्हा का नाही जिंकलात? ब्राऊनचे ३७ गुण आणि टेटमचे ३० गुण पंचांनी दिले काय?

या भांडणात मी कोणाचा? माझ्या मते दोघेही अर्धे खरे बोलत होते आणि उरलेले अर्धे लपवत होते.

आधी सेल्टिक्सच्या बाजूचे खरे सांगतो. चार सेकंद उरले असताना तीन गुणांची आघाडी हातात आहे. अशा वेळी समोरच्याला दोन गुणांची बास्केट करू द्यावी, तेवढ्याने आघाडी जात नाही. त्याला बास्केटही द्यायची आणि वर फाऊल करून फ्री थ्रोही द्यायचा, हा शुद्ध गाढवपणा! तो पंचांनी केला नाही, लेकर्सच्या बचावाने केला. जेम्सला फाऊल मिळण्याची वेळ आली ती त्यामुळेच. आणि कॅमेऱ्याचा तमाशा? फोटो शंभर टक्के खरा होता, पण पंच मैदानावर फोटो पाहून निर्णय फिरवू शकत नाही, हे बेव्हर्लीला ठाऊक असायला हवे. त्याच्या रागाची किंमत त्याच्या संघाने मोजली. ज्या लढतीत एकेक गुण मोलाचा, तिथे स्वतःच्या हाताने एक गुण शत्रूच्या ओंजळीत टाकला. अन्याय झाला म्हणून आपल्या हातून झालेली चूक धुऊन निघत नाही. हे सांगितल्यावर पुतण्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच बॉस्टनला विकला गेलो आहे.

परंतु जो म्हणतो की एका शिट्टीने काही होत नाही, त्याला हिशोब दाखवला पाहिजे. त्या हंगामात लेकर्सने ८२ पैकी ४३ सामने जिंकले आणि पश्चिम विभागात सातवा क्रमांक मिळवला. पहिल्या सहा संघांना बाद फेरीत थेट प्रवेश असतो. पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावरच्या क्लिपर्स आणि वॉरियर्स या संघांनी सामने जिंकले होते ४४. म्हणजे अंतर फक्त एका विजयाचे! तो एक विजय असता तर तिघांची बरोबरी झाली असती. तो नव्हता, म्हणून लेकर्सना ११ एप्रिल २०२३ रोजी मिनेसोटाविरुद्ध प्रवेशासाठी वेगळा सामना खेळावा लागला, आणि तोही जादा वेळेत जाऊन १०८-१०२ असा कसाबसा जिंकावा लागला. तो जिंकला म्हणून आज कोणी त्याची चर्चा करत नाही. हरले असते तर? शिट्टीची किंमत मोजायला लोक नेहमी शेवटचा निकाल बघतात. जो धडपडून कसाबसा पोहोचला त्याला म्हणतात, बघा, तुझे काही बिघडले का? आपल्या पिढीतल्या किती मुलांनी हे वाक्य ऐकले असेल!

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कोट्यधीश खेळाडूंच्या दुःखात आपण का पडावे? एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला हेच विचारले. त्यांना मी दोन घरांची गोष्ट सांगितली.

पहिले घर बिल रसेलचे. बॉस्टन सेल्टिक्सला १३ हंगामांत ११ विजेतेपदे मिळवून देणारा हा काळा माणूस १९६६ साली त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. एनबीएच्या इतिहासातला तो पहिला काळा प्रशिक्षक. ज्या संघासाठी त्याने हे केले त्याच संघाच्या शहराजवळच्या त्याच्या घरात लोक घुसले, भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या, बक्षिसे फोडली, बिछान्यात घाण केली. दुसरे घर लेब्रॉन जेम्सचे. मे २०१७ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या त्याच्या घराच्या फाटकावर तीच शिवी रंगवलेली सापडली. मधे अर्धे शतक गेले, पैसा आला, कीर्ती आली, पण शिवीचे अक्षरही बदलले नाही. २०२३च्या त्या रात्री बॉस्टनच्या मैदानावर गुडघे टेकलेल्या जेम्सच्या पाठीवर ६ हा आकडा होता. तो रसेलचा आकडा. जुलै २०२२ मध्ये रसेल वारल्यावर एनबीएने तो सर्व संघांसाठी निवृत्त केला, आधीपासून वापरणाऱ्यांनाच तो ठेवता आला.

ज्या १९५० साली आपल्याकडे संविधान अमलात आले त्याच वर्षी एनबीएचे दार काळ्या खेळाडूंना उघडले. चक कूपरला याच बॉस्टन सेल्टिक्सने निवडले, आणि ३१ ऑक्टोबर १९५० रोजी अर्ल लॉईड हा मैदानावर उतरलेला पहिला काळा खेळाडू ठरला. आज या स्पर्धेत दर चार खेळाडूंमागे सुमारे तीन काळे आहेत. पंच मात्र दीर्घकाळ बहुसंख्येने गोरेच राहिले. खेळणाऱ्याचा रंग एक आणि शिट्टी वाजवणाऱ्याचा रंग दुसरा! बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघापुढे जाणाऱ्या त्यांच्या निवेदनाची माहिती मागवली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावासकट कोणाची आठवण घेऊन, हे या पानाच्या वाचकाला सांगायला नको. तेव्हा त्या मैदानावर न्याय कसा होतो हे पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि त्यात शिकण्यासारखेही आहे. शिकायचे ते चाहत्यांच्या आरड्याओरड्यातून मात्र नाही.

आरडाओरडा काय कामाचा असतो आणि काय कामाचा नसतो, हे समजून घ्यायला आणखी मागे जावे लागते. ३१ मे २००२. लेकर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज, पश्चिम विभागाच्या अंतिम लढतीतला सहावा सामना. हा जिंकला असता तर सॅक्रामेंटो या लहान शहराचा संघ अंतिम फेरीत गेला असता. या वेळी शिट्टी लेकर्सच्या बाजूने होती, हे पुतण्याला मुद्दाम ऐकवले! एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो मिळाले, किंग्जना ९. शेवटी शेवटी कोबी ब्रायंटच्या कोपराने माईक बिबीचे नाक फुटले आणि फाऊल दिला गेला तो बिबीवर! लेकर्स १०६-१०२ असे जिंकले. चौफेर संताप उसळला. ग्राहकहक्कांसाठी आयुष्यभर झगडलेले राल्फ नेडर यांनी एनबीएचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांना पत्र लिहून पंचगिरीच्या चौकशीची मागणी केली.

मग २००७ साली टिम डोनाही या पंचाची भानगड बाहेर आली. हा गृहस्थ स्वतः पंचगिरी करत असलेल्या सामन्यांवर सट्टा लावत होता. त्याने गुन्हा कबूल केला आणि जुलै २००८ मध्ये त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षेच्या आधी त्याच्या वकिलांनी न्यायालयात लिहून दिले की २००२ मधला तो सहावा सामना मालिका लांबवण्यासाठी पंचांनी फिरवला होता. एनबीएने ते साफ नाकारले. डोनाही त्या सामन्याचा पंच नव्हता आणि त्याचे म्हणणे आजवर सिद्ध झालेले नाही. पण चाहत्यांना सिद्धतेची गरज काय? तेव्हापासून कुठलाही सामना थोडक्यात गमावला की एकच आरोळी उठते, सगळे आधीच ठरलेले आहे!

ही आरोळी मला मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हे जरा तिखटपणे सांगतो. सॅक्रामेंटोच्या त्याच किंग्जनी दोन दिवसांनी, २ जून २००२ रोजी, स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या लोकांपुढे सातवा सामना खेळला. त्यात त्यांना ३० फ्री थ्रो मिळाले. फ्री थ्रो म्हणजे समोर कोणी नाही, अंगावर कोणी नाही, फक्त तुम्ही आणि रिंग. त्यातले त्यांनी १६ टाकले आणि १४ चुकवले. जादा वेळेत सहा गुणांनी हरले, ११२-१०६. त्यातले निम्मे जरी टाकले असते तर सहावा सामना कोणी आठवला नसता. आता ते १४ फ्री थ्रो पंचांनी चुकवले काय? सर्व काही कट आहे असे एकदा मानले की आपल्या चुकलेल्या फ्री थ्रोंकडे बघावे लागत नाही. आपल्या चळवळीतही हा रोग आहे. निवडणूक हरलो, कट. सभा ओस पडली, कट. फूट पडली, कट. कट असतातही, नाही असे कोण म्हणतो? पण कटाची आरोळी ठोकणारा माणूस वही काढून हिशोब लिहीत नाही. आणि हिशोबाशिवाय पंचाला कोणीही जाब विचारू शकलेले नाही.

हिशोब कोणी लिहिला, ते आता सांगतो.

जस्टिन वोल्फर्स आणि जोसेफ प्राइस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९१-९२ ते २००३-०४ अशा १३ हंगामांतले एनबीएचे सामने घेतले. कोणत्या सामन्याला कोणते तीन पंच, त्यांत गोरे किती आणि काळे किती, आणि कोणत्या खेळाडूवर किती फाऊल, एवढेच मोजले. खुबी अशी की पंचांची नेमणूक खेळाडूंचा रंग बघून होत नाही. म्हणजे तोच खेळाडू आज तीन गोऱ्या पंचांपुढे खेळतो, आठवड्याने मिश्र पंचांपुढे. त्याचा खेळ तोच, त्याचे हातपाय तेच. शिट्ट्या मात्र तेवढ्याच वाजतात का? नाही वाजत! पंच आपल्या रंगाचे नसतील तेव्हा खेळाडूवर जास्त फाऊल दिले जातात, आपल्या रंगाचे असतील तेव्हा कमी. फरक जास्तीत जास्त चार टक्क्यांचा. ऐकायला किरकोळ. पण जिथे सामने एक-दोन गुणांनी ठरतात तिथे तेवढ्याने काही सामन्यांचा निकाल फिरतो, असे त्यांनी दाखवून दिले. हा झुकाव फक्त गोऱ्या पंचांचाच आहे असे अभ्यासक म्हणत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पंच बहुतेक गोरे आणि खेळाडू बहुतेक काळे असल्यावर ओझे कोणाच्या पाठीवर पडणार, ते सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

२ मे २००७ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. एनबीएने काय केले? जे प्रत्येक संस्था करते तेच! आमच्या अभ्यासात पक्षपात आढळत नाही, असे सांगून हात झटकले. खेळाडूंमध्येही चर्चा झाली, काहींनी ती हसण्यावारी नेली. पंच बिचारे दुखावले गेले. आम्ही कधी रंग पाहून शिट्टी वाजवत नाही, असे त्यांना मनापासून वाटत होते. मला वाटते, ते खरेच बोलत होते. अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यायचा असतो तिथे माणूस विचार करत नाही, त्याच्यात मुरलेले संस्कार निर्णय घेतात. आपल्याकडे कोण जात मानतो? विचारून पाहा, एकही सापडणार नाही!

आणि मग घडले ते माझ्या मते या सगळ्या कहाणीतले सर्वांत मोलाचे. त्याच दोघांनी डेव्हिन पोप यांना सोबत घेऊन पुढच्या वर्षांचा हिशोब पुन्हा मांडला. पहिला अभ्यास संपल्यानंतरच्या, पण बातमी छापून येण्याच्या आधीच्या २००३ ते २००६ या काळात पक्षपात होता तसाच होता. बातमी आल्यानंतरच्या २००७ ते २०१० या काळात तो नाहीसा झाला! एनबीएने त्यासाठी पंचांना काही वेगळे शिकवले नव्हते. नियम बदलला नव्हता. कोणाला काढले नव्हते. कोणीतरी मोजले, छापले, आणि पंचांना कळले की आपण मोजले जातो आहोत. बस्स. २०१८ साली हा दुसरा अभ्यास रीतसर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जे वर्षानुवर्षांच्या शिव्यांनी झाले नाही ते वहीतल्या आकड्यांनी केले. एवढ्याने अमेरिकेतला वर्णद्वेष संपला, असा भाबडा अर्थ कोणी काढू नये. तीन पंचांच्या शिट्टीपुरती ही गोष्ट आहे. पण तेवढीही आपल्याकडे कुठे झाली आहे?

मार्च २०१५ पासून एनबीए आणखी एक गोष्ट करते. अटीतटीच्या सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांतला प्रत्येक निर्णय नंतर तपासून त्याचा अहवाल दुसऱ्या दिवशी जाहीर करते. पंचांच्या संघटनेला हे आवडलेले नाही. चूक चव्हाट्यावर मांडून आमचे काय भले होणार, असा त्यांचा सवाल आहे. चाहत्यांना तर तो जखमेवरचा मिठाचा खडा वाटतो. मला मात्र त्या अहवालाची रचना लक्षात घेण्यासारखी वाटते. त्यात निर्णयांचे चार प्रकार असतात. शिट्टी वाजवली ती बरोबर. शिट्टी वाजवली ती चूक. शिट्टी वाजवली नाही ते बरोबर. आणि चौथा प्रकार, शिट्टी वाजवायला हवी होती पण वाजवली नाही. बॉस्टनमध्ये जेम्सच्या हातावर बसलेला फटका हा चौथ्या रकान्यातला.

हा चौथा रकाना सर्वांत दुष्ट. कारण मैदानावर त्यावर इलाजच नाही. २०१९-२० च्या हंगामापासून प्रशिक्षकाला पंचाच्या निर्णयाला आव्हान देता येते, मग पंच टीव्हीवर पाहून निर्णय बदलतातही. पण आव्हान द्यायला आधी निर्णय हवा ना? शिट्टीच वाजली नाही तर आव्हान कशाला देणार? चुकीचा निर्णय दुरुस्त होऊ शकतो, न दिलेला निर्णय होऊ शकत नाही. वाचकांना ओळखीचे वाटते आहे ना? खोटा गुन्हा दाखल झाला तर न्यायालयात जाता येते. पण ठाण्यात फिर्यादच लिहून घेतली नाही, तर? अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ मध्ये कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षेची तरतूद आहे. पण सरकारचे गुन्ह्यांचे वार्षिक आकडे छापले जातात ते नोंदवलेल्या गुन्ह्यांचे. न नोंदवलेल्यांचा रकाना त्या पुस्तकात नसतो. करमणुकीचा धंदा करणारी एक अमेरिकन कंपनी तो रकाना आपल्या अहवालात छापते, सामना संपल्यावर का होईना, निकाल न बदलता का होईना. आपल्या गावातल्या, वस्तीतल्या चौथ्या रकान्याची वही कोण ठेवतो? काही संघटना ठेवतात, हे मला माहीत आहे. तारीख, वेळ, ठाणे, कोण हजर होते, काय सांगून परत पाठवले, असे साधेसुधे लिहून ठेवतात. त्यांना कोणी हार घालत नाही. हार घालतात ते कॅमेरा घेऊन पंचाच्या अंगावर धावणाऱ्याला.

ही सगळी चर्चा त्या रविवारी मी पोरांपुढे केली. दोघेही कंटाळले असावेत. शेवटी पुतण्याने विचारले, "काका, ते सगळे ठीक आहे. पण चूक झाली हे कबूल केले ना? मग तेवढे चार सेकंद पुन्हा का नाही खेळवत?"

प्रश्न रास्त होता. म्हणून त्याला अटलांटाची गोष्ट सांगितली. १९ डिसेंबर २००७ रोजी अटलांटा हॉक्स आणि मायामी हीट यांच्या सामन्यात, जादा वेळेची ५१.९ सेकंदे बाकी असताना, मायामीच्या शॅकिल ओ'नीलला सहा फाऊल झाले म्हणून मैदानाबाहेर बसवले. प्रत्यक्षात त्याचे पाचच झाले होते. गुणलेखकाच्या टेबलावर मोजण्यात चूक झाली होती. मायामीने दाद मागितली आणि एनबीएने ती मान्य केली. २५ वर्षांत पहिल्यांदाच! अटलांटा संघाला ५० हजार डॉलरचा दंड झाला आणि शेवटची ५१.९ सेकंदे नव्याने खेळवण्याचा हुकूम निघाला. पंचाच्या डोळ्याची चूक असेल तर सामना फिरत नाही, पण कारकुनाच्या वहीतली चूक कागदावर दाखवता आली, म्हणून फिरला.

"म्हणजे शॅक परत खेळला?" पोरगा एकदम सरसावून बसला.

नाही. ती ५१.९ सेकंदे खेळवली गेली ८ मार्च २००८ रोजी. फेब्रुवारीतच मायामीने ओ'नीलला फिनिक्सच्या संघाकडे देऊन टाकले होते. ज्याच्यावर अन्याय झाला तो त्या दिवशी मैदानातच नव्हता. उरलेल्या वेळात दोन्ही संघांपैकी कोणाचाही एक गुण झाला नाही, आणि हॉक्स ११४-१११ असे जिंकले.

पुतण्या हिरमुसला. "मग काय उपयोग झाला?"

त्याचा मित्र, तोच सेल्टिक्सवाला, इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "पण खेळवले ना!" आणि दोघांची पुन्हा जुंपली.